विश्लेषण : जुन्या मोटारींचे अविस्मरणीय सौदे यापुढे होतील का?

कुणी भंगाराच्या भावात घेतलेली गाडी पुढे कोट्यवधींची निघाली, कुणी आपल्या दोन गाड्या देऊन एकच घेतली, कुणी एका इंजिनाच्या बदल्यात अख्खी मोटार मिळवली. जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींत असे किस्से चवीने सांगितले जातात. मात्र जुन्या वाहनांबाबतचे गेल्या काही वर्षांतील नियम, दिल्लीतील इंधनबंदीचा गोंधळ आणि फेरनोंदणीचे वाढलेले शुल्क यांमुळे या सौद्यांचे गणित बदलते आहे. पन्नाशी गाठलेल्या गाडीला सरकार ‘व्हिंटेज’ म्हणून मान देते. पंधरा ते पन्नास या वयातल्या गाडीचे काय, हा खरा प्रश्न आहे.

गाजलेले सौदे कोणते?

सर्वात जास्त सांगितला जाणारा किस्सा फेरारी २५० जीटीओचा आहे. १९६२ ते १९६४ या काळात अशा अवघ्या ३६ गाड्या तयार झाल्या. नवी असताना तिची अमेरिकेतली किंमत साधारण १८ हजार डॉलर होती. शर्यतीची गाडी दोन-तीन हंगामांत मागे पडते, तशी हीही पडली. त्यांपैकी एक गाडी टेक्सासमधील व्हिक्टोरिया गावच्या शाळेला देणगी म्हणून दिली गेली. तिथल्या वाहनदुरुस्तीच्या वर्गात मुले तिच्यावर हात साफ करत. १९७२ मध्ये ती ६,५०० डॉलरला विकली गेली. नव्या मालकाने ती ओहायोतील एका शेतात ट्रेलरवर उघड्यावर ठेवली आणि ती जवळपास पंधरा वर्षे तशीच होती. याच मॉडेलची दुसरी एक गाडी २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरला, तर आणखी एक २०२३ मध्ये ५ कोटी १७ लाख डॉलरला लिलावात गेली. ‘पिंक फ्लॉइड’ या बँडचा ड्रमर निक मेसन याने १९७७ मध्ये आपली जीटीओ घेतली, तीही ४० हजार पौंडांपेक्षा कमी रकमेत. त्या वेळी अनेकांनी त्याला वेड्यात काढले असणार, कारण तेवढ्यात तेव्हा इंग्लंडमध्ये चांगले घर येत असे.

दुसरा किस्सा न्यूकॅसलच्या एका डॉक्टरांचा. त्यांनी १९५५ मध्ये १९३७ सालची बुगाटी ५७एस ॲटलांट ८९५ पौंडांना घेतली. काही वर्षे चालवली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गॅरेजमध्ये लावली ती लावलीच. डॉक्टरांचे २००७ मध्ये निधन झाले, तेव्हा पुतण्या-भाच्यांना गॅरेज उघडल्यावर ती सापडली. फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला ३४ लाख युरोंहून अधिक किंमत आली. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या काळात इंग्लंडमधली सर्वात स्वस्त नवी फोर्ड सुमारे ३९० पौंडांना मिळे. म्हणजे डॉक्टरांनी अठरा वर्षे जुन्या गाडीसाठी दोन नव्या मोटारींहून जास्त पैसे मोजले होते. सौदा ‘स्वस्तातला’ होता, हे पन्नास वर्षांनी ठरले.

अदलाबदलीचा सर्वात प्रसिद्ध प्रस्ताव मात्र फेटाळला गेलेला आहे. ‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटात अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन याने पळवलेली हिरवी फोर्ड मस्टँग न्यू जर्सीतील एका विमा अधिकाऱ्याने १९७४ मध्ये मासिकातील जाहिरात पाहून ६ हजार डॉलरला घेतली. त्यांच्या शिक्षिका पत्नी ती घेऊन शाळेत जात. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनचे पत्र आले. गाडी मला द्या, बदल्यात तुम्हाला तशीच दुसरी मस्टँग शोधून देतो, असा त्याचा आशय होता. मालकाने ते मनावर घेतले नाही. पुढे १९८०च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी घरीच थांबली. जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या मुलाने ती लिलावात काढली, तेव्हा ३७ लाख ४० हजार डॉलर आले. ६ हजारांचे ४६ वर्षांत इतके होणे म्हणजे वर्षाला सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वाढ. डॉक्टरांच्या बुगाटीचे गणितही साधारण १६ टक्क्यांवर येते. आकडा चांगला आहे, पण या हिशेबात न मोजलेल्या हजारो गाड्या गंजून गेल्या, हेही लक्षात ठेवावे लागते.

या सर्व सौद्यांत समान काय?

गाडीचे वय. शाळेने विकलेली फेरारी तेव्हा दहा वर्षांची होती. मस्टँग सहा वर्षांची होती. बुगाटी अठरा वर्षांची. त्यांपैकी एकीलाही तेव्हा कुणी ‘वारसा’ म्हणत नव्हते. त्या नुसत्या जुन्या होत्या, जागा अडवत होत्या, पेट्रोल पीत होत्या आणि त्यांचे सुटे भाग मिळत नव्हते. गाडी नवी असते तेव्हा तिला किंमत असते आणि दुर्मीळ होते तेव्हाही असते. मधल्या वीस-पंचवीस वर्षांच्या खड्ड्यात तिला कुणी विचारत नाही. हौशी माणूस नेमका त्या खड्ड्यात उतरतो. त्याच्या चांगल्या सौद्याची जागा तीच असते आणि गाडी वाचण्याची किंवा मोडीत जाण्याची वेळही तीच असते.

हे सूत्र भारतालाही लागू आहे. फरक इतकाच की इथला खड्डा राजकीय घडामोडींनी खोल केला.

भारतात हे सौदे कसे सुरू झाले?

स्वातंत्र्यापूर्वी संस्थानिक हे रोल्स-रॉइससारख्या कंपन्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. १९४७ नंतर संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. मोटारखान्यात उभ्या असलेल्या वीस-वीस गाड्यांचा ड्रायव्हर, मिस्त्री आणि पेट्रोलचा खर्च कुणाला झेपणार? गाड्या मिळेल त्या भावात निघाल्या. काही लग्नाच्या वरातींना भाड्याने जाऊ लागल्या, काहींच्या मागचा भाग कापून त्यांचे टेम्पो झाले, काही जहाजावर चढून परदेशी गेल्या. राजकोटचे ठाकोरसाहेब धर्मेंद्रसिंहजी यांनी १९३४ मध्ये खास बनवून घेतलेली ‘स्टार ऑफ इंडिया’ ही रोल्स-रॉइस फँटम-२ अशीच १९६८ मध्ये विकली जाऊन इंग्लंडला गेली. ती परत यायला २०१० साल उजाडले. राजकोटच्या राजघराण्यानेच ती पुन्हा विकत घेतली. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकात बनवून घेतलेली ड्युसेनबर्ग आजही परदेशात आहे. कोलकात्यातील एका इंग्रजाने १९१० मध्ये बनवून घेतलेली, चोचीतून गरम पाणी फवारणारी हंसाच्या आकाराची ब्रुक मोटार पुढे नाभा संस्थानाकडे होती. ती आता नेदरलँड्समध्ये हेग येथील संग्रहालयात पाहायला मिळते.

ही गळती थांबावी म्हणून १ जानेवारी १९५० पूर्वीच्या मोटारी व त्यांचे भाग देशाबाहेर नेण्यावर बंदी आली. त्याचा एक परिणाम असा झाला की परदेशी गिऱ्हाईक बाजूला झाले आणि देशातल्या हौशी लोकांना गाड्या परवडतील अशा भावात मिळू लागल्या. मुंबईचे उद्योजक प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकांनी संस्थानिकांकडच्या अनेक गाड्या जमवल्या. अहमदाबादजवळ कठवाडा येथील ‘ऑटो वर्ल्ड’ हे संग्रहालय त्यातूनच उभे राहिले.

सामान्य हौशी माणसाच्या वाट्याला अर्थातच रोल्स-रॉइस आली नाही. त्याच्या वाट्याला आली ती १९५०च्या दशकातली फियाट ११००, जिला मुंबई-पुण्यात प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, मॉरिस मायनरची देशी आवृत्ती असलेली ‘बेबी हिंदुस्तान’, लँडमास्टर, स्टँडर्ड हेराल्ड. परवानाराजमध्ये नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे आणि आयात जवळपास बंद होती. परदेशी वकिलातींनी वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, तोच परदेशी मोटारीचा एक सरळ रस्ता होता. त्यामुळे चाळीस वर्षांची गाडीही टाकून देणे कुणाला परवडत नसे. ती दुरुस्त होत राही, हातोहात फिरत राही. भारतात जुन्या गाड्या टिकल्या, त्यामागे हौसेइतकीच टंचाईही आहे.

पैशांऐवजी अदलाबदल का?

कारण भाव कुणालाच ठाऊक नसतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील हर्षी येथे १९५० च्या दशकापासून आणि इंग्लंडमध्ये ब्यूली येथे १९६७ पासून जुन्या गाड्या व सुट्या भागांचे मोठे वार्षिक बाजार भरतात. लिलाव कंपन्यांचे आकडे जाहीर होतात. त्यामुळे १९६० च्या अमुक मॉडेलला काय पडावे याचा अंदाज कुणालाही येतो. भारतात तसे काही नाही. इथले बहुतेक व्यवहार खासगीत होतात आणि आकडा दोघांपलीकडे जात नाही. सांगितलाच तर घेणारा कमी सांगतो आणि देणारा जास्त.

अशा बाजारात अदलाबदल सोयीची पडते. एकाकडे दोन हेराल्ड आहेत आणि धड एकही चालत नाही. दुसऱ्याकडे बेबी हिंदुस्तान आहे, पण त्याला हेराल्ड हवी आहे. पैशात बोलायला गेले तर सौदा मोडतो, कारण प्रत्येकाला आपली वस्तू महाग वाटते. गाडीला गाडी ठेवली की दोघांनाही आपणच जिंकलो असे वाटते. घरी सांगायलाही बरे पडते. ‘पैसे घातले नाहीत, बदलून आणली’, या वाक्याने किती घरांतली शांतता टिकली असेल याची मोजदाद नाही.

गाड्यांपेक्षा अदलाबदल जास्त होते ती भागांची. डॅशबोर्डवरचे मूळ घड्याळ, बॉनेटवरचे चिन्ह, चाकांवरच्या वाट्या, हेडलाइटच्या काचा, स्टिअरिंगची मूळ बेकेलाइट चकती. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईतील चोर बाजार आणि कुर्ल्याचा भंगारबाजार, दिल्लीतील मायापुरी ही या मंडळींची तीर्थक्षेत्रे. तिथे ज्याला माल ओळखता येतो तो जिंकतो. विक्रेत्यासाठी पितळेचा तुकडा वजनावर जातो. घेणाऱ्यासाठी तोच तुकडा तीन वर्षे अडलेली गाडी पुरी करतो. अशा वेळी चेहऱ्यावर आनंद न दाखवणे हे या छंदातले पहिले कौशल्य मानले जाते.

सौदा स्वस्तात होण्याची कारणेही ठरलेली असतात. सोसायटीच्या आवारात जागा नाही आणि कमिटीची नोटीस आली आहे. मालक वारला आहे आणि मुलांना गाडी नको, जागा हवी आहे. घर पुनर्विकासाला जाते आहे आणि महिनाअखेर गॅरेज मोकळे करायचे आहे. अनेकदा विकणाऱ्याची एकच अट असते, ती म्हणजे ‘मोडू नका, चालवा’. ही अट कुठल्याही कागदावर लिहिली जात नाही, तरी ती पाळणाऱ्याला या मंडळींत पुढची गाडी सहज मिळते आणि मोडणाऱ्याला मिळत नाही. वीस जणांना विचारूनही न विकलेली गाडी एकविसाव्याला निम्म्या किमतीत दिल्याची उदाहरणे या छंदात का घडतात, याचे उत्तर या अटीत आहे.

कागदपत्रांचे काय?

इथे हौस संपते आणि मोटार वाहन कायदा सुरू होतो. विश्वासावर झालेल्या जुन्या सौद्यांत गाडी जाते, आरसी बुकही जाते, पण मालकीचे नाव तेच राहते. सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० गाडीसोबत एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतात. तिसऱ्या-चौथ्या मालकाने पहिल्या मालकाला पाहिलेलेही नसते.

कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी दिली तर देणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे असते. न कळवण्याची किंमत मोठी असू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेला निकाल या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यात एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी गाडी विकली गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्या मालकाचेच होते. अपघात झाला तेव्हा गाडी त्याच्या ताब्यात नव्हती, तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली. जुनी गाडी मित्राला ‘देऊन टाकणाऱ्या’ प्रत्येकाने हा निकाल ध्यानात ठेवायला हवा.

अदलाबदलीत पैसे फिरत नसले तरी कायद्याच्या नजरेत तो व्यवहारच असतो. संपत्ती हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ११८ मध्ये अदलाबदलीची, म्हणजे ‘एक्स्चेंज’ची, व्याख्या आहे. दोन गाड्यांची अदलाबदल झाली तर आरटीओत मालकी हस्तांतराचे दोन स्वतंत्र अर्ज लागतात. विमाही दोन्हींचा बदलावा लागतो. वरचा फरक रोखीने द्यायचा ठरला तर प्राप्तिकर कायद्यातील दोन लाखांची मर्यादा आडवी येते. दोघांनी साध्या कागदावर का होईना, तारीख, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि ताबा दिल्याची वेळ लिहून सह्या करणे, हे पुढचे बरेच तंटे वाचवते. वेळ लिहिण्याला अर्थ आहे. त्या दिवशी दुपारी चारला सिग्नल तोडल्याची पावती आली, तर ती कुणी भरायची?

वारसाने आलेल्या गाडीत अडचण आणखी असते. नोंदीतल्या मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ‘आजोबांची फियाट’ तीस वर्षे आजोबांच्याच नावावर असते आणि सौद्याच्या दिवशी सात वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. २०२१ पासून आरसीवर वारस म्हणून नाव नोंदवण्याची सोय झाली आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे, त्यांनी ती वापरावी.

तिसरा अडथळा इंजिनाचा. १९७०-८० च्या दशकांत पेट्रोल महागल्यावर कितीतरी अ‍ॅम्बेसेडर आणि मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने बसवली गेली. पुण्यात तयार होणाऱ्या मॅटाडोरचे इंजिन त्यासाठी आवडते होते. आरसीवर एक इंजिन क्रमांक आणि बॉनेटखाली दुसरा, अशी गाडी स्वस्तात मिळते खरी. पण ती नियमित करून घेणे आणि मूळ इंजिन शोधून परत बसवणे यांत सौद्यातली बचत कधीच संपून जाते. म्हणून जाणकार माणूस गाडी पाहायला गेला की रंग आधी बघत नाही. तो टॉर्च घेऊन खाली वाकतो आणि क्रमांक वाचतो.

सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी कोणते नियम केले?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल न केलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, त्यानंतर फेरनोंदणीला ५ हजार रुपये. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, मात्र आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. महाराष्ट्रातील हौशींसाठी हे मोठे समाधान होते, कारण १९८९ मध्ये ‘एमएच’ मालिका येण्यापूर्वीचा तीन अक्षरी क्रमांक हा गाडीच्या कुळाचा दाखला असतो. अनेक सौद्यांत त्याचे वेगळे पैसे मोजले जातात.

या गाड्या रोज ऑफिसला नेता येत नाहीत. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच त्या रस्त्यावर आणता येतात. भाड्याने देता येत नाहीत. खरेदी-विक्रीला मात्र परवानगी आहे, फक्त दोन्ही बाजूंनी परिवहन प्राधिकरणाला कळवायचे. आयातीचे दारही उघडले आहे. पूर्वी १९५० आधीच्या गाड्यांपुरती असलेली सवलत २०२५ मध्ये ५० वर्षे पूर्ण केलेल्या गाड्यांना मिळाली. दरवर्षी हे वर्ष एकेकाने पुढे सरकणार आहे.

मग अडचण कुठे आहे?

पंधरा आणि पन्नासच्या मध्ये. मोडीत काढण्याचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यात व्हिंटेज गाड्यांना वगळले आहे. खासगी गाडी महाराष्ट्रात केवळ वयामुळे मोडीत जात नाही. पंधरा वर्षांनी पर्यावरण कर भरून, तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करता येते. पण त्याचा खर्च वाढत गेला आहे. मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार आणि आयात केलेल्या मोटारींसाठी ८० हजार रुपये झाले.

यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. समजा १९८० च्या दशकात परदेशातून आलेली, आज चाळिशीतली एक मर्सिडीज आहे. तिला पाच वर्षांसाठी ८० हजार मोजावे लागतील. तीच गाडी पन्नाशी पार करून व्हिंटेज ठरली, की दहा वर्षांच्या फेरनोंदणीला ५ हजार. म्हणजे गाडी वारसा होईपर्यंत मालकाने दंड भरावा आणि झाली की सवलत घ्यावी. जो मधेच कंटाळला त्याची गाडी भंगारात जाणार, आणि वारसा ठरायला उरणारच नाही.

दिल्लीत तर हा खड्डा अक्षरशः दिसला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मज्जाव केला होता. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच न देण्याची मोहीम सुरू झाली आणि काही दिवसांत गुंडाळावी लागली. त्या आठवड्यात ८४ लाखांना घेतलेली मर्सिडीज अडीच लाखांना विकावी लागल्याची बातमी देशभर गाजली. विकणाऱ्याच्या हळहळीची चर्चा झाली, पण दुसऱ्या बाजूला कुणीतरी आयुष्यातला सर्वोत्तम सौदा केला होता, हेही खरे. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. डिसेंबरमध्ये मात्र हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. राजधानीत ज्या गाड्या पुढे हौशींच्या आवडीच्या ठरू शकतील, त्या जवळपास सगळ्या त्याआधीच्या आहेत.

प्रदूषणाचा मुद्दा खोटा नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात श्वास घेणाऱ्या मुलासमोर कुणाच्या छंदाचे कौतुक सांगता येणार नाही. पण वर्षाला काहीशे किलोमीटर, तेही रविवारी सकाळी, चालणारी गाडी आणि रोज दीडशे किलोमीटर धावणारी गाडी यांना एकाच वयाने मोजणे हा आळशी नियम आहे. व्हिंटेज गाड्यांना लावलेली मर्यादित वापराची अट तीस वर्षांच्या गाडीलाही लावता येईल. आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’च्या व्याख्येत तीस वर्षांची, मूळ स्थितीत जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक वाहन ठरते. आपल्या नियमात मधली वीस वर्षे अनाथ आहेत.

आता कोणत्या गाड्यांवर नजर आहे?

प्रीमियर पद्मिनीवर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची नोंदलेली पद्मिनी, एमएच-०१-जेए-२५५६, ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून या गाड्या टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेल्या. निदान एक तरी जपून ठेवा, अशी मागणी झाली ती तेव्हा. तोवर हजारो पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यापासून फार लांब नसलेल्या भंगारबाजारात कापल्या गेल्या होत्या. खासगी, पांढऱ्या पाटीची, एकाच घराने वापरलेली पद्मिनी आता हौशी शोधत फिरतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ती जुन्या स्कूटरच्या भावात मिळत होती.

‘पद्मिनी’ हे नाव १९७४ चे. त्यामुळे सुरुवातीच्या गाड्या पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत आणि त्यांना व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ मधली, म्हणजे तिला २०३४ पर्यंत थांबावे लागेल. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पण साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्या आजच पात्र आहेत.

सर्वात बोलके उदाहरण मारुती ८०० चे आहे. देशातली पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत एका कुटुंबाला सुपूर्द झाली. त्या कुटुंबाने ती पाव शतकाहून अधिक काळ वापरली. मालकाच्या निधनानंतर ती दिल्लीतच घराबाहेर रस्त्यावर गंजत उभी होती. तिची छायाचित्रे पसरल्यावर अनेकांनी ती विकत घेण्याची तयारी दाखवली. अखेर कंपनीनेच ती दुरुस्त करून २०२२ मध्ये आपल्या मुख्यालयात ठेवली. नियमानुसार ही गाडी व्हिंटेज होईल ती डिसेंबर २०३३ मध्ये. तिच्या पाठोपाठ त्या वर्षांत रस्त्यावर आलेल्या ८०० पैकी मूळ स्थितीतल्या किती उरल्या आहेत, हे शोधायचे असेल तर हौशी मंडळी सध्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या सोसायट्यांत फेऱ्या मारताना दिसतील. मालक भेटला तर पहिला प्रश्न ‘किती घेणार’ हा नसतो. ‘आरसी कुणाच्या नावावर आहे आणि नूतनीकरण कधी संपतंय’, हा असतो.